टास्कची मूळ प्रायॉरिटी हरवते आहे: विहिरीवरच्या कंट्रोलरचा घोळ

पऱ्हाटीवाला, रात्री ११:४२

राजेहो, एक विचित्र दुखणं घेऊन आलो. थोडं लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी दारव्हा तालुक्यातला. कापूस, तूर, एक विहीर आणि पाच एचपीची मोटर. लाइनची पाळी बदलत राहते, अन रात्रपाळी आली की घरातल्या कोणालातरी वावरात जागत बसावं लागतं. मागच्या साली रात्री एक फेज गेली, मोटर नुसती घुमत राहिली अन सकाळी वाइंडिंगचा वास. तेव्हापासून डोक्यात किडा. इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय होता, पण तेव्हा पेपरपुरताच वाचला. आता म्हटलं कंट्रोलर आपणच करू, अन हौस म्हणून त्यातला शेड्युलरही, म्हणजे कोणत्या कामानं (टास्कनं) कधी धावायचं ते ठरवणारा भागही, आपणच लिहू. ब्लू पिल नावाचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. कॉर्टेक्स-एम३, ७२ मेगाहर्ट्झ, २० केबी रॅम. एवढ्यात कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आरामात बसतं.

तीन टास्क आहेत. माझ्याकडे मोठा आकडा म्हणजे मोठी प्रायॉरिटी.

पहारा, ८. मोटरचा करंट वाचतो, फेज गेली किंवा विहीर आटली तर कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) पाडतो.
व्हॉल्व्ह, ५. ठिबकच्या व्हॉल्व्हचं वेळापत्रक.
निरोप, २. जीएसएम मोडेमवरून मला एसएमएस करतो.

करंट वाचायची चिप, घड्याळाची चिप आणि डिस्प्ले एकाच आय-टू-सी बसवर (चिपा जोडणाऱ्या दोन तारांच्या वाटेवर) आहेत, म्हणून त्या बसला एक लॉक: एका वेळी एकच टास्क तो धरणार, बाकीचे थांबणार. फ्लॅशमधल्या नोंदींना दुसरा लॉक.

पहिल्या आवृत्तीत मुद्दाम फेज काढून पाहिली, तर कॉन्टॅक्टर पडायला नऊ सेकंद लागले. कारण सापडलं: निरोप बस धरून बसला होता, मधे व्हॉल्व्ह उठला अन त्यानं निरोपला बाजूला सारलं, अन पहारा दोघांच्या मागे ताटकळला. ठीक आहे, पुस्तकात उपाय होता: जो लॉक धरून बसलाय त्याला थांबलेल्याची प्रायॉरिटी तात्पुरती उसनी द्यायची. तसं केलं. दीड महिना सगळं झकास.

आता गंमत अशी. निरोप चालतो तेव्हा पेटणारा एक हिरवा एलईडी लावून ठेवला आहे. पहिले तो क्वचित लुकलुकायचा. परवा रात्री स्टार्टरची पेटी उघडली तर एलईडी सारखा पेटलेला, अर्ध्या उजेडावर. डीबगर लावला. निरोपची प्रायॉरिटी ५! कोणी दिली, कधी दिली, पत्ता नाही. रीसेट केलं की २ होते, दोन-चार दिवसांत परत ५. एकदा तर ८ सापडली.

उसनं दिलेलं परत का येत नाही?


वर्धेचा_बोका, रात्री १२:१५

भाऊ, पहिला प्रश्न: उसनी प्रायॉरिटी देताना मूळची कुठे ठेवतोस?


पऱ्हाटीवाला, रात्री १२:२१

लॉकमध्येच. लॉकच्या स्ट्रक्चरमध्ये ‘जुनी’ नावाचा रकाना आहे. कोणी लॉकवर अडलं की मालकाची सध्याची प्रायॉरिटी तिथे लिहितो अन त्याला वर चढवतो. लॉक सुटला की ‘जुनी’ परत त्याच्या नावावर.


वर्धेचा_बोका, रात्री १२:२४

मग दुखणं तिथेच आहे. पण मी सांगणार नाही. निरोप दोन्ही लॉक एकदम धरतो का? धरत असेल तर कागद घे आणि पायरी-पायरीनं लिही. झोपू नको त्याआधी.


संत्राबाग, सकाळी ६:०५

पोट्ट्या, तू हे जे करून रायला ते चांगलंच हाये. पण मोटर जळाली तं चिप नाई रडत, आपण रडतो. पेटीत सिंगल फेज प्रिव्हेंटर, फेज गेली की मोटर बंद करणारा डबा, हाये का नाई ते पयले सांग. तो राहू देजो जागेवर. त्याले ना शेड्युलर लागत, ना एसएमएस. आमच्या इकडे वरुडले एकानं असाच ‘स्मार्ट’ डबा लावला अन जुना काढून फेकला. मंग बसला बोंबलत.


पऱ्हाटीवाला, सकाळी ७:३०

काका, तुमचं पटलं. नवीन मोटरसोबत प्रिव्हेंटर बसवला होता, पण मधे वायरिंग करताना मीच काढून ठेवला. आजच लावतो.

बोका भाऊ, कागदावर लिहिलं. निरोप पहिले नोंद-लॉक घेतो, मग वेळ वाचायला बस-लॉक घेतो. नोंद वाचून झाली की नोंद-लॉक लगेच सोडतो, बस मागाहून.

१. निरोप (२) नोंद-लॉक घेतो.
२. व्हॉल्व्ह (५) उठतो, नोंद-लॉक मागतो, अडतो. नोंद-लॉकची जुनी = २. निरोप झाला ५.
३. निरोप बस-लॉक घेतो.
४. पहारा (८) उठतो, बस-लॉक मागतो, अडतो. बस-लॉकची जुनी = ५. निरोप झाला ८.
५. निरोप नोंद-लॉक सोडतो. जुनी = २, म्हणून निरोप झाला २.

इथेच माझा हात थांबला. पहारा अजून बसवर अडलेलाच आहे, अन ज्याच्याकडे बस आहे त्याला मी स्वतःच खाली २ वर ढकलून दिलं. व्हॉल्व्ह मोकळा झाला, तो ५ वर धावतो. म्हणजे पहिल्या आवृत्तीतला घोळ मागच्या दारानं परत आत.

६. व्हॉल्व्ह झोपल्यावर निरोप बस-लॉक सोडतो. जुनी = ५, म्हणून निरोप झाला ५.

अन आता त्याला कोणीच खाली आणणार नाही. पुढच्या वेळी कोणी अडलं तर ‘जुनी’ म्हणून ५ च लिहिली जाणार. चढतच जाणार बिचारा.

दीड महिना का नाही दिसलं तेही कळलं. पहिले मी शेवटी घेतलेला लॉक पहिले सोडत होतो. तसं केलं की ८ वरून ५, ५ वरून २, बरोबर पायऱ्या उतरतो. मागच्या महिन्यात ‘नोंद-लॉक उगाच कशाला धरून ठेवायचा’ म्हणून तो आधी सोडायला लागलो. शहाणपण नडलं.


कपाशी_ताई, सकाळी ९:१०

मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या नोट्समध्ये प्रायॉरिटी इन्व्हर्जन, म्हणजे मोठ्या प्रायॉरिटीचा टास्क लहानाच्या मागे ताटकळणं, दोन ओळीत संपवलंय. लॉकवर थांबायचं तर मधला टास्क आड कसा येतो? त्याला तर लॉक नकोच आहे ना?


पऱ्हाटीवाला, सकाळी ९:४८

ताई, पांधण डोळ्यासमोर आणा. एकच बंडी जाईल एवढी, दोन्हीकडे धुरे. एक बंडी आत शिरली. मागून पेशंटला घेऊन जीप आली. जीपला बंडीमागे थांबावंच लागतं, त्याला इलाज नाही, अन बंडी निघायला दोन मिनिटं लागतील तेवढंच ते थांबणं.

आता पांधण जिथे डांबरी रस्त्याला लागते तिथे कापसाच्या ट्रॉल्यांची रांग चालू आहे. ट्रॉलीला पांधणीत यायचंच नाही, ती आपली जिनिंगला चालली. पण बंडीपेक्षा तिचा मान मोठा, म्हणून बंडी तोंडाशी उभी. एक ट्रॉली, दोन ट्रॉल्या, पंधरा ट्रॉल्या. जीप बंडीसाठी थांबली, बंडी ट्रॉल्यांसाठी. म्हणजे पेशंट ट्रॉल्यांसाठी थांबला, अन ट्रॉलीवाल्याला तो दिसतही नाही.

उपाय: मागे पेशंट आहे तोवर त्या बंडीलाच जीप समजा, ट्रॉल्या थांबवा, बंडी निघू द्या. रस्त्यावर आली की परत बंडी ती बंडी. माझ्या कर्नलात झालं असं की रस्त्यावर येऊनही बंडीवाला भोंगा वाजवत गावभर फिरतोय.


कपाशी_ताई, सकाळी ९:५५

कळलं! नोट्सपेक्षा हे बरं.


वर्धेचा_बोका, दुपारी १:४०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी पुण्यात आहे, रोजचं काम लिनक्स कर्नलचंच, म्हणून थोडं सविस्तर.

पायरी ५ सापडली म्हणजे अर्धं काम झालं. चूक अशी की तू प्रायॉरिटीला एकच आकडा मानलास. ते दोन आकडे आहेत. एक टास्कचा स्वतःचा, सातबाऱ्यावरचा. दुसरा आत्ता या घडीला शेड्युलरनं बघायचा. उसनवारीनं दुसराच बदलायचा, पहिल्याला हात लावायचा नाही. आणि दुसरा आकडा कुठे ‘जपून’ ठेवायचा नसतोच, तो दरवेळी नव्यानं काढायचा: स्वतःची प्रायॉरिटी, आणि आपण धरलेल्या सगळ्या लॉकांवर थांबलेल्यांतली सगळ्यात मोठी, या दोन्हींत जी मोठी ती. लॉक सोडला की परत हाच हिशोब. जुन्या आकड्यांची चिठ्ठी लॉकमध्ये ठेवण्याची भानगडच संपली. लॉक कुठल्याही क्रमानं सोड.

लिनक्समध्ये टास्कच्या स्ट्रक्चरमध्ये यासाठी चार रकाने आहेत. नाइसवरून (साध्या टास्कच्या मानाच्या आकड्यावरून) आलेली स्टॅटिक, रिअलटाइमची (वेळेवर व्हायलाच हव्या त्या टास्कची) आरटी, या दोन्हींवरून आणि पॉलिसीवरून काढलेली नॉर्मल, आणि चौथी प्रत्यक्ष वापरातली. उसनवारीत फक्त चौथी हलते. शिवाय आपण धरलेल्या प्रत्येक लॉकवरचा सगळ्यात मानाचा थांबलेला कोण, याचं एक झाड टास्कजवळच असतं, त्यामुळे नवा हिशोब पटकन होतो. ही उसनवारी करणारा लॉक, म्हणजे आरटी-म्युटेक्स, लिनक्सच्या २.६.१८ आवृत्तीत आला, २००६ साली.

माझा लाडका तुकडा सांगतो. टास्कनं फोर्क केलं, म्हणजे स्वतःची प्रत काढून नवा टास्क केला, पोर झालं, तर त्याला आईची कुठली प्रायॉरिटी द्यायची? आई त्या क्षणी उसन्या ९० वर धावत असेल तर पोरही ९० वर जन्मेल, आणि त्याच्याकडे कुठलाच लॉक नसल्यामुळे ती कधी उतरणारच नाही. म्हणून कर्नल पोराला आईची नॉर्मल प्रायॉरिटी देतं, वापरातली नाही. उसना दागिना घालून लग्नाला गेलेल्या बाईच्या वाटणीत तो दागिना येत नाही, तसंच.

फ्रीआरटॉस ही छोट्या चिपांची ऑपरेटिंग सिस्टिम तुझ्या बोर्डाच्या पंगतीतली. तिथे मूळ प्रायॉरिटीचा वेगळा रकाना आहे आणि किती म्युटेक्स धरलेत याची मोजणी. सगळे सुटले तरच टास्क मुळावर येतो. त्यामुळे कधीकधी गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ वर राहतो, पण मूळ हरवत नाही. २० केबीत हा सौदा वाईट नाही. एक मात्र लक्षात ठेव, तिथे बायनरी सेमाफोरला (मालक नसलेल्या साध्या लॉकला) ही उसनवारी नाही, म्युटेक्सलाच आहे. किती लोक त्यात फसतात!


सरळसोट, दुपारी ३:०२

सगळे उसनवारीचं कौतुक करताय, मी मिठाचा खडा टाकतो.

नऊ सेकंद. व्हॉल्व्ह टास्क नऊ सेकंद सीपीयू सोडत नाही म्हणजे आत डिले लूप आहे. आहे की नाही? पहिले ते काढा. मधला टास्क वेळेवर झोपला असता तर हा धागा निघालाच नसता.

दुसरं, त्या चिपवर आय-टू-सी दोन आहेत. डिस्प्ले दुसऱ्यावर टाका. पहाऱ्याची बस पहाऱ्यालाच. लॉकच नको, उसनवारीच नको. व्हिक्टर योडाइकेन या आरटीलिनक्सवाल्या माणसानं प्रायॉरिटी इनहेरिटन्सच्या, म्हणजे याच उसनवारीच्या, विरोधात अख्खा लेख लिहिलाय, तो उगाच नाही. सिस्टिम नीट आखली नाही की ही मलमपट्टी लागते.


पऱ्हाटीवाला, दुपारी ३:२०

डिले लूप आहे. पाण्याच्या मीटरचे पल्स मोजत बसतो तो. लाज वाटली पण कबूल.

डिस्प्ले हलवायला बोर्ड परत सोल्डर करावा लागेल. तूर्तास तो पेटीत बसलाय, सिलिकॉन लावून.


वर्धेचा_बोका, दुपारी ४:११

सरळसोट, लूपचं आणि बसचं शंभर टक्के बरोबर. पण ‘लॉकच नको’ हे तीन टास्कच्या डब्यात चालतं. मोठ्या कर्नलात कुठल्या ड्रायव्हरनं कुठला लॉक धरलाय हे आधी कोण आखून देणार? हा प्रायॉरिटीचा घोळ १९८० मध्येच लॅम्पसन आणि रेडेल यांनी मेसा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अनुभवात नोंदवला होता. १९९० मध्ये शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी उसनवारीचा आणि सीलिंगचा, दोन्ही प्रोटोकॉलांचा गणिती हिशोब मांडला. आणि तरी १९९७ मध्ये मंगळावर व्हायचं ते झालंच.


कपाशी_ताई, दुपारी ४:१५

मंगळावर?


वर्धेचा_बोका, दुपारी ४:३८

पाथफाइंडर, नासाचं यान. ४ जुलै १९९७ ला उतरलं, आणि काही दिवसांत स्वतःहून रीसेट व्हायला लागलं. आत व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. बसवरची माहिती वाटणारा टास्क मानाचा, हवामानाची माहिती गोळा करणारा खालचा, मधे संपर्काचे वगैरे टास्क. हवामानवाल्यानं म्युटेक्स धरला, मधल्यांनी त्याला बाजूला सारलं, मानाचा अडला. पुढच्या फेरीत तपासणी करणाऱ्या टास्कला दिसलं की काम वेळेत झालं नाही, त्यानं सगळं रीसेट केलं. पऱ्हाटीवाल्याची विहीरच समज, फक्त लांब.

उसनवारीची सोय व्हीएक्सवर्क्समध्ये होतीच, त्या म्युटेक्सला बंद ठेवली होती. पृथ्वीवरच्या जोडीदार यंत्रावर घोळ पुन्हा घडवून पाहिला आणि इथूनच ती चालू केली.


सरळसोट, सायंकाळी ५:००

तेच म्हणतोय. सीलिंग वापरलं असतं तर? लॉकची कमाल प्रायॉरिटी आधीच ठरलेली. लॉक घेतला की टास्क थेट त्या उंचीवर, कोणी अडायची वाट पाहायचीच नाही. तीन टास्क, दोन लॉक, सगळं आधी माहीत. या डब्याला सीलिंगच शोभतं. आणि एकाच सीपीयूवर, लॉक धरून कोणी झोपत नसेल तर, एकमेकांत अडकून बसण्याचाही धोका नाही.


वर्धेचा_बोका, सायंकाळी ५:२६

या डब्यासाठी मान्य. पण मूळ प्रायॉरिटी वेगळी ठेवणं तिथेही चुकत नाही. लॉक सुटल्यावर उतरायचं कुठे?

आणि एक बारीक गोष्ट जिच्याकडे कोणी बघत नाही. आकडा परत मिळाला, पण रांगेतली जागा? टास्क उसन्या उंचीवरून मूळ प्रायॉरिटीवर उतरला तर तिथल्या रांगेत पुढे उभा करायचा की मागे? मागे टाकलास तर लॉक धरल्याची शिक्षा केल्यासारखं होतं, त्याचा नंबर गेला. लिनक्स रिअलटाइम टास्कला अशा वेळी रांगेच्या तोंडाशी ठेवतं. वर चढताना मात्र शेपटाला. बँकेत पासबुक आणायला म्हणून बाजूला झालेल्या माणसाची जागा लोक राखतात, तसं.


हळद्या, रात्री ८:५०

विषयांतर: आकडे उलटे-सुलटे का असतात हे कोणी सांगेल का? फ्रीआरटॉसमध्ये मोठा आकडा मोठा मान. नाइसमध्ये उणे २० सगळ्यात मानाचा आणि १९ सगळ्यात गरीब. लिनक्समध्ये बाहेरून रिअलटाइम ९९ सगळ्यात वर, आत कर्नलमध्ये तोच उलटा होऊन ० च्या बाजूला. कॉर्टेक्स-एमच्या इंटरप्टमध्ये लहान आकडा मोठा. मी एकदा यात दोन रात्री घालवल्या.


वर्धेचा_बोका, रात्री ९:०५

दोनच? नशीबवान आहेस.


पऱ्हाटीवाला, आठ दिवसांनी, रात्री १०:३०

राजेहो, हिशोब द्यायला आलो. मधे कापूस वेचणी होती, मजूर मिळेनात, म्हणून उशीर.

मूळ प्रायॉरिटीचा वेगळा रकाना केला. ‘जुनी’ लॉकमधून काढून टाकली. प्रत्येक टास्कजवळ त्यानं धरलेल्या लॉकांची यादी, अन सोडताना बोका भाऊनं सांगितला तसा नव्यानं हिशोब. दोनच लॉक आहेत, झाड-बिड नाही लागलं, साधा लूप पुरला. व्हॉल्व्हमधला डिले लूप काढून पल्स इंटरप्टवर घेतले. सीलिंग पुढच्या बोर्डात, तेव्हाच डिस्प्लेही दुसऱ्या बसवर.

पण चार दिवसांपूर्वी नवीनच. सगळं ठप्प, हार्डफॉल्ट, म्हणजे चिपनं हात वर केले. ही चूक लिहून ठेवतो, कोणाच्या तरी कामी येईल.

पहारा बस-लॉकसाठी ५० मिलिसेकंदच थांबतो, नाही मिळाला तर सरळ कॉन्टॅक्टर पाडतो. त्या दिवशी करंटच्या चिपची वायर ढिली झाली अन बस लटकली. निरोप बस धरून अडकला, पहारा थांबून थांबून वेळ संपल्यावर निघून गेला. तो गेला म्हणजे उसनवारी संपली, निरोपला खाली आणायला पाहिजे. ते केलं होतं. आकडा ८ चा २ केला. पण निरोप उभा होता ८ च्या रांगेत, अन तिथून त्याला काढून २ च्या रांगेत उभा करायचं मी कोडच्या या फांदीत विसरलो. लॉक सोडण्याच्या फांदीत बरोबर केलं होतं, इथेच राहिलं. पुढे निरोप झोपायला गेला तेव्हा कर्नलनं आकडा पाहून २ च्या रांगेचा बिट (रांगेत कोणी आहे ही खूण) पुसला. ८ ची रांग रिकामी, पण तिचा बिट तसाच पेटलेला. शेड्युलर बिट पाहून तिथे गेला, कोणीच नाही, शून्य पत्त्यावर उडी, खेळ खल्लास. ‘प्रायॉरिटी बदला’ हे आता एकच फंक्शन आहे अन आकडा अन रांग दोन्ही त्यातूनच हलतात. थेट आकड्याला हात लावणाऱ्या ओळी शोधून काढल्या, सहा निघाल्या.

काल रात्री पेटीसमोर पोतं टाकून बसलो. लॉजिक अनालायझर लावला, अन एका बाजूनं फेज काढत राहिलो, दोन्ही लॉक गुंतलेले असताना मुद्दाम. चाळीस वेळा काढली. पहारा बससाठी जास्तीत जास्त ११ मिलिसेकंद थांबला. दरवेळी निरोपचा आकडा पाहिला: २, २, ८, २. हिरवा एलईडी एकदा लुकलुकतो अन गप.


कपाशी_ताई, रात्री १०:४१

तो वेळ संपण्याचा भाग आमच्या सरांना विचारते उद्या 😄


वर्धेचा_बोका, रात्री ११:०२

फ्रीआरटॉसमध्येही वेळ संपल्यावर प्रायॉरिटी उतरवायचं फंक्शन वेगळं लिहिलेलं आहे. भल्याभल्यांना तिथे जपून पाऊल टाकावं लागलंय. शाब्बास. आता बसच्या वायरीला एक गाठ मार.


संत्राबाग, सकाळी ५:५०

हे सगळं वाचलं, निम्मं समजलं. प्रिव्हेंटर लावला का?


पऱ्हाटीवाला, सकाळी ६:१५

लावला काका. फेज चाळीस वेळा काढली तेव्हा तेवढ्यापुरता बायपास होता, मोटरच्या जागी बल्ब जोडून. आता वायर परत जागेवर आहे.